शेजारीणबाईंबरोबर लक्सरला

भाऊ गेल्यावर चार महिन्यांनी मी इजिप्त बघायला गेले. लोकांना हे विचित्र वाटतं, म्हणून मी फारसं कुणाला सांगत नाही. हौस नव्हती. पण नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि तेवढं त्राण तेव्हा नव्हतं.

टिलबर्ग या डच शहरात माझ्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. प्राथमिक शाळेत शिकवायच्या, आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत ट्रकांचं वेळापत्रक लावते. ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात, त्यामुळे माझं जे काही मोडकंतोडकं डच आहे ते या बाईंनी शिकवलेलं. जिन्यात भेटल्या की पाच मिनिटं बोलायच्या आणि वाक्य चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. वर्तमानकाळ मला बऱ्यापैकी येतो. भूतकाळातली क्रियापदं कधीच तोंडात बसली नाहीत.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, तिथेच छातीत दुखून कोसळला. मी नाशिकला पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्यापर्यंत थांबले, परत आले आणि सोमवारी कामावर गेले. रडू आलंच नाही. येईल म्हणून मी वाट बघत होते, मग वाट बघणंही सुटलं. वहिनीचा फोन आला की वाजू द्यायचे आणि नंतर ‘मीटिंगमध्ये होते’ असा मेसेज टाकायचे. बाईंनी माझ्या पत्रपेटीत सांत्वनाचं कार्ड टाकलं होतं, पण भेटल्यावर त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. तेही मला बरंच वाटलं.

त्या दर दोन-तीन वर्षांनी बहिणीबरोबर इजिप्तला, लक्सरला जायच्या. या वेळी बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाई वर आल्या, खुर्चीत बसून दम घेतला आणि म्हणाल्या की एकटीला जमणार नाही, तू चल. मी कॅलेंडर बघितलं आणि हो म्हणाले.

लक्सरला आम्ही सहा दिवस होतो. बाई हळू चालायच्या, काठी टेकत, आणि मी पाण्याची बाटली धरून मागे. कर्नाकच्या देवळातले खांब एवढे जाड की एकामागे दहा माणसं सहज लपावीत. बाई प्रत्येक खांबापाशी थांबून वर बघायच्या, म्हणून मीही बघायचे. मान दुखली, एवढंच आठवतं. नदीपलीकडे कारागिरांच्या थडग्यांत वाकून उतरावं लागतं. आत भिंतीवर एक नवराबायको शेत नांगरताना रंगवलेले आहेत, दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. गाइड म्हणाला, मेल्यावर ते या शेतात राहतात, पीक कधी बुडत नाही. बाईंचे डोळे भरून आले. मी फोटो काढला. नांगरताना एवढे स्वच्छ कपडे कसे राहतील, असं मनात आलं आणि तेही विरून गेलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शिडाच्या होडीतून निघालो. वारा पडला होता, होडी जागेवरच डुलत होती. होडीवाला पन्नाशीचा, इंग्रजी चांगलं बोलणारा. वेळ जावा म्हणून त्याने मला विचारलं, भाऊ-बहीण किती?

“एक भाऊ आहे,” मी म्हणाले.

काय करतो? कारखान्यात आहे. मुलं? एक मुलगी, चौथीत. पुढच्या वेळी त्याला घेऊन या, तो म्हणाला, मी फिरवीन. मी म्हटलं, आणते. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी नीट कळतं. त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

हॉटेलवर परतल्यावर आम्ही गच्चीवर चहा घेतला. बाईंनी साखर ढवळली, बराच वेळ ढवळली, आणि डचमध्ये अगदी सावकाश विचारलं, “कसला कारखाना?”

व्हॉल्व्हचा, मी सांगितलं. मग त्या एकेक विचारत गेल्या आणि मी उत्तरं देत गेले. तो मोटरसायकलवर जातो. डब्यातली भेंडी मित्राला देऊन टाकतो. मला ताई म्हणत नाही, नावानंच हाक मारतो, आई त्यावरून त्याला ओरडते. सगळं वर्तमानकाळात, कारण दुसरा काळ मला येत नव्हता. बाईंनी एकही वाक्य दुरुस्त केलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही बोलत होतो. मला रडू आलं नाही, पण खोलीत जाऊन मी सलग नऊ तास झोपले.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी स्वतःहून वहिनीला फोन केला. तिने लगेच उचलला. इतके दिवस का नाही उचललात, असं ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलं, पिरॅमिड बघितलेत का. मी म्हटलं, ते कैरोला असतात, आम्ही तिकडे गेलोच नाही.

“इजिप्तला जाऊन पिरॅमिड नाही बघितले?” वहिनी हसली. “हे असते तर वर्षभर चिडवलं असतं तुम्हाला.”

“हो,” मी म्हणाले. “चिडवलं असतं.”

मागे भाची पाढे म्हणत होती. थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, मोटरसायकल विकायचं मनात आहे, नुसती उभी राहून खराब होतेय, पण आईंना कसं विचारू कळत नाही. मी म्हटलं, आईशी मी बोलते. आणि तिचा फोन ठेवून आईला लावला.