आईंची खुर्ची आणि भावोजींचा अँटेना

हवेतून येणारी गोष्ट पैसे देऊन घेणारा माणूस माझ्या भावोजींच्या लेखी जवळजवळ वेडाच. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायचे आणि शेजारच्या बेस्ट नावाच्या गावात राहायचे. आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने केबल घेतली, तेव्हा भावोजींनी घेतला भिंतभर टीव्ही आणि त्यावर अँटेना. "केबलचं चित्र या पडद्यावर म्हणजे पाणी घातलेलं वरण," ते म्हणत. "उद्या हवेतून एचडी येणार, तेव्हा याल सगळे माझ्याकडेच!" तो उद्या उजाडेपर्यंत तीन डच चॅनेल्स यायची, आणि आभाळाची मर्जी असली तर एखादं बेल्जियमचं. अँटेना कधी खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर, कधी कपाटावर, एकदा तर ताईच्या तुळशीच्या कुंडीत. माणसाच्या अंगावरूनही लहरी परततात म्हणे, त्यामुळे पाहुण्यांना बस म्हणण्याआधी भावोजी उभं कुठे राहायचं ते सांगत. मी अ‍ॅमस्टेलव्हीनहून कढीपत्ता, इडलीरवा, सगळं यादीबरहुकूम घेऊन जायचे, तर दारातच आरोळी, "थांब! हलू नकोस, काय चित्र आलंय!"

"भावोजी, पिशवी तरी खाली ठेवू?"

"पिशवीसकटच आलंय ते!"

एकदा मी अख्खं श्रीखंड-पुरीचं जेवण फ्रिजला टेकून जेवले आहे. पण माणूस चोख. चित्र मोडलं, पडद्यावर चौकोनच चौकोन नाचले, तरी कितीही मोठा पाहुणा असो, "आज सिग्नल वाईट आहे" हे स्वतःहून सांगत. सिग्नलच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना पाप वाटे.

त्या वर्षी त्यांच्या आई सांगलीहून आल्या. अण्णा, म्हणजे भावोजींचे वडील, गेल्यानंतर प्रथमच. थोड्याच दिवसांत त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून मागितलं. "भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र वाळवतं. मी इथे नुसती बॅगेसारखी पडून. मला पोचव बाबा घरी." ताई फोनवर वैतागली, "केबल घ्या म्हणतेय, हिंदी मालिका तरी बघतील. पण हा माणूस ऐकेल तर ना!" भावोजींचा चेहरा मात्र पार उतरलाय, हेही तिनेच सांगितलं.

पुढच्या वेळी गेले, तर आई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसलेल्या आणि पडद्यावर एक डच गोठा. मी वाकून नमस्कार केला. त्या पुटपुटल्या, "मला उठवू नकोस गं, चित्र मोडतं." खरंच, त्या पाणी प्यायला उठल्या आणि गायीचे चौकोन झाले.

"आई, बस गं लवकर!" भावोजी ओरडले.

"अरे, पाणी तरी पिऊ देशील की नाही? मेलं माझ्यावाचून एक काम होत नाही या घरात!" असं करवादत त्या परत बसल्या, पण चेहरा असा खुललेला की बघत राहावं. तिकिटाचं नाव पुन्हा निघालं नाही. व्हिसा संपेपर्यंत त्या राहिल्या.

त्यांना विमानतळावर सोडून आम्ही बेस्टला परतलो. घर सुनं वाटत होतं म्हणून मी टीव्ही लावला. खुर्ची रिकामी, आणि चित्र लख्ख! मी मुद्दाम इकडून तिकडे फिरले. एक चौकोन नाही. मग लक्ष गेलं, अँटेनाची वायर सतरंजीखालून भावोजींच्या सोफ्यापाशी आली होती आणि तिथला जोड पायाने सरकेल इतका सैल होता.

"भावोजी, तुम्ही?"

"ताईला बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "आई उठली की जरा ढकलायचो."

दुसऱ्या दिवशी सांगलीहून फोन आला. पोचल्याचं सांगून होताच आईंनी विचारलं, "चित्र येतंय ना रे नीट?"

भावोजींनी पडद्याकडे एकदा पाहिलं. "कसलं येतंय? नुसते चौकोन. तू गेल्यापासून हे असंच."

"बघ, मी म्हणतच होते! येते हो उन्हाळ्यात," पलीकडचा आवाज एकदम तरतरीत झाला.

भावोजींनी फोन ठेवला. पडद्यावर गायीच्या पाठीवरचा केस न् केस दिसत होता, आणि भावोजी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत बसले होते.