टँकरच्या रांगेतलं इंग्रजी गाणं
माळा आवरताना जुनी कॅसेट सापडली आणि उदगीरच्या आमच्या गल्लीतली टँकरची रांग आठवली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पाऊस मात्र आमच्याकडं फिरकला नव्हता. रांगेत माणसांच्या जागी हंडे उभे असायचे आणि आम्ही लिंबाखाली बसायचो. मुंबईच्या मामानं दिलेलं एक इंग्रजी पंक गाणं मी टेपवर लावलं होतं. मावशीनं विचारलं, "पोरी, हा एवढा का वरडालाय?" मी म्हटलं, "तिकडं पोरांना कामधंदा न्हाई. आमचं आता काही खरं न्हाई, असं सरकारला सुनावतोय." मावशीनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. "ज्याचं काही खरं न्हाई तो गप पडून राहतो," ती म्हणाली. "ह्याला लई काही पाहिजे हाय." मग उठून तिनं रांगेतला आपला हंडा उचलला आणि दगडानं त्याच तालात बडवत तहसीलकडं निघाली. "अगं, जागा जाईल," आई ओरडली. पण मावशीमागं एकेक हंडा उचलला गेला, शेवटी आईचाही. टेप कधीच भंगारात गेला. कॅसेट हातात घेतली, तर गायकाआधी मला हंडेच ऐकू आले.