राजकुमारी आणि जुन्या ट्रकचा इंटरकूलर

राजकुमारी रहांगडाले नवऱ्याच्या ट्रकवर क्लीनरच्या जागी बसते, याचं आमगावकडच्या राइस मिलांत आता कोणाला नवल वाटत नाही. सुरुवातीला हमाल हसायचे. डोक्यावर पदर, पायात पुरुषी बूट आणि ट्रक मागे घेताना डाल्यावर, मागच्या फळीवर, थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारी पन्नाशीची बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती.

ती काही हौसेने चढली नव्हती. मुलगी योगेश्वरी लग्न होऊन बालाघाटला गेली, क्लीनर दुसरं काम धरून रायपूरला गेला, आणि एका दुपारी बिसनलालचा स्टिअरिंगवरच डोळा लागला. ट्रक रस्ता सोडून धानाच्या शेतात, बांधीत उतरला. बांधी रिकामी होती, कोणाला लागलं नाही. बिसनलालने ही गोष्ट घरी हसत हसत सांगितली, आणि राजकुमारीची तव्यावरची पोळी जळून गेली. पुढच्या फेरीला ती डबा हातात देऊन मागे फिरली नाही. डबा घेऊन केबिनमध्ये चढली.

"कुठी जाऊन राहिलीस?" बिसनलालने विचारलं.

"तुमच्यासंगं."

"कायले?"

"बोलाले. मी बोलत राहीन, तुम्ही जागे राहाल."

ती जन्माचीच काळजी करणारी. माहेर बोदलकशाकडचं. भाऊ तलावात पोहायला उतरले की ही पाळीवर, काठच्या बांधावर, त्यांचे कपडे राखत उभी राहायची, आणि एखादं डोकं पाण्याखाली गेलं की ते वर येईपर्यंत हिचाही श्वास अडकलेला असायचा. लग्नानंतर भाऊ सुटले, नवरा आला. नवऱ्यामागून मुलगी आली. मुलगी गेली तेव्हा ट्रक उरला होता.

ट्रक जुना होता. टर्बोचा होता, पण इंटरकूलर नव्हता. तांदूळ पांढरा करताना निघणारा कोंडा पोत्यांत भरून ते दोघं छत्तीसगडच्या तेलाच्या कारखान्यात पोचवत. कोंडा लवकर खवट होतो, म्हणून भरला की निघायचं आणि वाटेत रेंगाळायचं नाही. थंडीत ट्रक धकून जायचा. उन्हाळ्यात मात्र सालेकशाच्या पुढचा जंगलातला चढ लागला की त्याचा दम जाई. मागे काळा धूर, पुढे तापमानाचा काटा चढलेला, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून पुढे निघून जायच्या.

गॅरेजवाला उदाराम बिसनलालच्या जुन्या ओळखीचा. त्यानेच इंटरकूलर बसवायचं सुचवलं.

"टर्बो काय करते, भौजी," बिसनलाल गप्प आहे हे पाहून तो राजकुमारीलाच सांगू लागला, "हवा दाबून इंजिनात भरते. दाबली का ते गरम होते. गरम हवा फुगते, तिच्यात दम राहत नाही. इंटरकूलर म्हणजे हवेचं रेडिएटर समजा. हवा थंडी करून आत सोडते. मंग डिझेल पुरं जळते, धूर कमी, ताकद जास्त."

नवीन संच घेण्याची ऐपत नव्हती. उदाराम म्हणाला, भंगारातून चांगला शोधू, पाइप आपण वेल्डिंग करू. तसंच झालं. दुसऱ्या कुठल्यातरी ट्रकचा निघालेला इंटरकूलर गोंदियाच्या भंगारवाल्याकडून आला. त्याच्या एका कोपऱ्याला पोचा होता आणि वरच्या पट्टीवर कोणीतरी निळ्या रंगाने लिंबू-मिरची काढलेली होती. उदारामने लोखंडी पट्ट्या वाकवून तो रेडिएटरच्या पुढे बसवला, मध्ये वारा खेळेल एवढी फट ठेवली, टर्बोपासून पाइप फिरवून आणले, रबरी नळ्यांवर क्लिपा आवळल्या. राजकुमारी हे सगळं होईस्तोवर शेडमधल्या उलट्या डब्यावर बसून होती.

दुसऱ्याच्या घरचं भांडंही ती धुतल्याशिवाय चुलीवर ठेवत नसे. तिने विचारलं, "भाऊ, आतून धुतलं का हे?"

"हो गया, भौजी. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

धुताना तिने पाहिलं नव्हतं. पण मधे ती चहा आणायला गेली होती, तेव्हा धुतलं असेल असं तिने मनाला समजावलं. घरी आल्यावर बिसनलालला एकदा विचारलं, जेवताना पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्या वेळी तो चिडला.

"मिस्त्री तू का तो?"

पहिल्या फेरीला ऊन भाजत होतं. रस्त्याकडेला मोहाच्या झाडांखालची जमीन फुलं वेचायला झाडून साफ केलेली होती. ट्रक आमगावाहून निघाला तो वेगळ्याच आवाजात. पूर्वीची घरघर खाली दबली होती आणि तिच्यावर एक बारीक शीळ आली होती. बिसनलाल खूश होता.

"पाहिलं? रेस देताच उचलते."

"शीळ कायची आहे?"

"हवेची."

राजकुमारीने शिळेकडे कान लावून ठेवला. सालेकशापर्यंत तिचं बोलणं कमी कमी होत गेलं.

सालेकशाला हॉटेलवर चहा घेताना सुखराम भेटला. तो दुसऱ्या मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर. ट्रकच्या जाळीतून आत पाहत तो थांबला, वाकला, आणि म्हणाला, "अरे, हे लिंबू-मिरची तं मी काढली होती! आमच्या जुन्या गाडीचा इंटरकूलर ना हा?"

"भंगारातून घेतला," बिसनलाल म्हणाला.

"त्या गाडीचा टर्बो उडाला होता. पाते तुटले, तेलच तेल झालं होतं सगळीकडं. मालकानं गाडीच मोडीत काढली." सुखरामने चहाचा घोट घेतला. "आतून धुऊन घेतला असंल ना पण?"

राजकुमारीने नवऱ्याकडे पाहिलं. बिसनलालने उदारामला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. उदाराम कोणाच्या तरी लग्नाला गेला होता, फोन नुसताच वाजत राहिला.

"पाइप खोलून पाहा जी," ती म्हणाली.

"इथं? अन् बसला नाही बरोबर तं? कोंडा उन्हात बसून राहील. कारखानावाला परत पाठवील."

"पाठवू द्या."

"आमगावाहून इथवर आली ना गाडी? काही झालं का? तू काऊन अशी अभद्र बोलतेस?"

"मी नाही बसत मंग."

"नोको बसू. येईल कोणती बस, ते धर अन् जा घरी."

तो चढला, इंजिन सुरू केलं. राजकुमारी हॉटेलच्या बाकाजवळ उभी राहिली. ट्रक हलला तसं तिला बांधीत उतरलेला ट्रक आठवला, जो तिने पाहिलाही नव्हता. ती धावत गेली आणि चालत्या गाडीचं दार उघडून वर चढली.

चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना जंगल, तेंदूची कोवळी पानं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बिसनलालने रेस वाढवली. ट्रक खरोखरच चढत होता, एरवी जिथे खालचा गिअर टाकावा लागे तिथे टाकावा लागला नाही. शीळ चढत गेली. राजकुमारीने एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने सीट धरून ठेवली होती.

मग शिळेच्या खालून इंजिन अचानक ओरडू लागलं.

बिसनलालने रेसवरचा पाय उचलला. आवाज उतरला नाही. तो वाढतच गेला. आरशात पांढरा-निळा धूर असा दाटला की मागचा रस्ताच दिसेना.

"काय होऊन राहिलं जी?"

त्याने क्लच दाबला आणि इंजिन सुटलंच. ट्रक थरथरायला लागला, समोरच्या काचेखालच्या वस्तू खाली पडल्या. त्याने इंजिन बंद करायची दांडी ओढली. इंजिन बंद झालं नाही. इंटरकूलरमध्ये साचून राहिलेलं जुनं तेल हवेबरोबर आत जात होतं आणि इंजिन तेच पीत होतं, डिझेल तोडून आता काही उपयोग नव्हता.

"धरून बस!" बिसनलाल ओरडला. इंजिन दाबून बंद पाडायला त्याने वरचा गिअर टाकला, ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला आणि क्लच सोडून दिला. ट्रकने एक हिसका खाल्ला, मग दुसरा. राजकुमारीचं कपाळ दारावर आपटलं. आणि एकदम सगळं शांत झालं.

तिला आधी वाटलं, आपले कान गेले. मग जंगलातला एक पक्षी ऐकू आला.

ती उतरली. तिने ओढत ओढत दगड आणले आणि मागच्या चाकांना लावले. एक लावला, त्यावर दुसरा टेकवला, मग दुसऱ्या बाजूला गेली. सगळं करून ती पुढे आली तर बिसनलाल अजून तसाच बसलेला. हँडब्रेक ओढलेला होता, तरी त्याचा पाय ब्रेकवरून निघाला नव्हता.

"उतरा जी. दगड लावले."

त्याने मान हलवली, पण उतरला नाही. ती वर चढली आणि हाताने त्याचा गुडघा धरून पाय बाजूला घेतला. त्याची मांडी लाकडासारखी कडक झाली होती.

"मले वाटलं, तुले तिथंच ठेवाले पाहिजे होतं," तो म्हणाला. "बसमंधी बसवून द्याले पाहिजे होतं."

"अन् तुम्ही?"

त्याने तळवे पँटला पुसले. मग म्हणाला, "बांधीत गाडी गेली ना, तेव्हापासून रोज भेव लागते. स्टिअरिंग धरलं का हाताले घाम येते. उदारामनं हे बसवलं तं वाटलं, गाडी तरी चांगली होईल, एक काळजी जाईल. तू धुतलं का, धुतलं का म्हणत होतीस, अन् मले तेच भेव होतं. म्हणून ओरडलो."

इतकी वर्षं आपण एकट्याच घाबरतो आणि हा नुसता हसतो, असं राजकुमारी समजून चालली होती. तिने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तो पिईपर्यंत ती खालून धरून ठेवली.

उदारामने अखेर फोन उचलला. उन्हं कलायला लागली तेव्हा उदाराम लग्नाच्या कपड्यांतच मोटारसायकलवर आला. त्याने खालचा पाइप सोडला. काळं तेल ओघळून त्याच्या नव्या पँटवर पडलं. त्याने आत कापड फिरवून बाहेर काढलं, आणि त्यावर बारीक धातूचा चुरा चमकला.

तो उठून राजकुमारीसमोर उभा राहिला. "भौजी, मी नुसती हवा मारली होती. पाण्यानं धुतलं तं वाळाले वेळ लागेल, अन् भंगारवालाही साफ आहे म्हणाला. चुकलं माझं."

ती त्याला खूप काही बोलणार होती. बोलली एवढंच: "आता माझ्यासमोर धुवा."

त्याने इंटरकूलर उतरवला आणि रस्त्याच्या कडेलाच डिझेल ओतून धुतला. हलवायचा, उलटा करायचा, पुन्हा ओतायचा. शेवटी पांढरं कापड पांढरंच बाहेर आलं. पाइपही तसेच धुतले, सगळं नितळू दिलं आणि पुन्हा बसवलं. मग त्याने इंजिन हातानेच फिरवून पाहिलं, तेलाची पातळी पाहिली, आणि सुरू करायला सांगितलं. बिसनलालने चावीला हात लावला आणि राजकुमारीकडे पाहिलं. ती म्हणाली, "लावा." इंजिन खोकत सुरू झालं, थोडा धूर सोडला आणि नेहमीच्या लयीत आलं. आत काही तुटलं नव्हतं. उदारामने दोन्ही हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.

कारखान्यावर कोंड्याला जरा नाकं मुरडली, पण माल उतरवून घेतला.

त्या उन्हाळ्यात ते त्याच चढावरून पुन्हा पुन्हा गेले. इंटरकूलर चांगला निघाला. धूर कमी झाला, काटा मधेच राहू लागला, आणि मागच्या गाड्यांना हॉर्न वाजवावा लागेना. राजकुमारीची काळजी मात्र त्यामुळे संपली नाही. शीळ जरा जाड झाली की ती बोलणं थांबवून ऐकत बसे. फरक एवढाच पडला, की आता बिसनलालही थांबे. चढाच्या पायथ्याशी तो स्वतःहून गाडी कडेला घेई, खाली उतरून क्लिपा हाताने दाबून पाही, आणि वर आला की ती विचारी, "भेव लागते का जी?"

"लागते," तो म्हणे. "तुले?"

"लागते ना."

मग तो गिअर टाकी, आणि ती योगेश्वरीचा काल फोन आला होता ते सांगू लागे.