पंचायत समितीतले अण्णा

कादंबरीचे वडील, अण्णा, आयुष्यात एक दिवसही कचेरीत बसले नव्हते. तरी मॉन्ट्रियलच्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, की ते पंचायत समितीत क्लार्क होते. ही नोकरी त्यांना कादंबरीनंच दिली होती, अकरा वर्षांपूर्वी, गणपतीच्या जेवणात. शेजारी बसलेल्या रुचानं सहज विचारलं, वडील काय करतात? रुचाचे वडील पुण्यात सर्जन. कादंबरीच्या तोंडून क्लार्क निघून गेलं आणि मग ते मागे घ्यायचं राहूनच गेलं.

खरं म्हणजे ईश्वरअण्णा बार्शीकडचे गोंधळी. घरात लग्न झालं, की लोक त्यांना बोलावत. अण्णा संबळ वाजवत, तुणतुण्यावर गात आणि गावोगावच्या देवांना एकेकाच्या नावानं हाक मारून गोंधळाला बोलावत. घरी त्यांनी पुतण्यांना शिकवलं. मुलींनी त्या वाटेला जायचं नाही, असा रिवाज होता. कादंबरी दाराआड अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची आणि कान तिकडे लावायची. अण्णांच्या त्या गाण्याच्या कमाईवरच तिचं इंजिनियरिंग झालं. हे सगळं तिच्या नवऱ्याला, पुष्करला, माहीत होतं. यात लपवण्यासारखं काय आहे, ते त्याला कळत नसे. पण बायकोच्या माहेराबद्दल न बोलण्याइतका तो शहाणा होता.

यंदा मे महिन्यात अण्णा पहिल्यांदा कॅनडात आले. एअरपोर्टवरून घरी येतानाच कादंबरीनं त्यांना त्यांची नोकरी सांगून टाकली. अण्णा खिडकीबाहेर बघत नुसतं "बरं" म्हणाले. धोतरात गुंडाळून आणलेलं तुणतुणं त्यांनी आपल्या हातानं क्लॉझेटमध्ये, विंटर जॅकेटांच्या मागे ठेवलं.

वाईट म्हणजे म्हातारा नोकरीत रमला. रुचा आणि तिचा नवरा उन्मेष जेवायला आले, की अण्णा त्यांना आवक-जावक रजिस्टरच्या गोष्टी सांगत. साहेब फार कडक होते, पण मनानं चांगले, असंही एकदा म्हणाले. सगळे हसले. कादंबरी वॉशरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मुलीची अब्रू राखायला बाप या वयात खोटं बोलायला शिकला होता, आणि चांगलं शिकला होता.

सप्टेंबरात उन्मेषनं सगळ्यांना डोंगरात नेलं. त्याला बँजोचं वेड. शहराच्या उत्तरेला दीड तासावर, स्कीच्या उताराखाली एक जुना लाकडी हॉल आहे. तिथे दर रविवारी दुपारी डोंगरातली जुनी गाणी आणि ब्लूग्रास नावाचं अमेरिकन लोकसंगीत चालतं. माईक नाही, स्टेज नाही. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर माणसं फिडल, बँजो, गिटार घेऊन बसतात आणि बसल्या बसल्या दोन्ही पायांनी फळ्यांवर ताल धरतात. तिथला रिवाज उन्मेषनं अण्णांना वाटेतच सांगितला होता, की वाजवण्याआधी हे कुणाकडून शिकलो ते सांगायचं. ज्यांची नावं घेतली जातात त्यांचे फोटो भिंतीवर लागतात, खाली हातानं लिहिलेल्या दोन ओळींसकट.

अण्णा आधी त्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली, डावा हात वेगळा, उजवा वेगळा. चार महिन्यांत ती बोटं अशी हलली नव्हती. हॉल सांभाळणाऱ्या ओदेत नावाच्या बाईंनी ते बरोबर हेरलं. त्या येऊन वाकल्या आणि इंग्रजीत विचारलं, हे गृहस्थ वाजवतात का?

"काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं. कादंबरीनं सांगितलं.

अण्णांनी पलीकडे बसलेल्या रुचाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "काय सांगायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

कादंबरी ओदेतबाईंना म्हणाली, "नो, नो. ही वॉज अ क्लार्क."

तेवढा एक शब्द अण्णांना कळत होता. "क्लार्क, क्लार्क," म्हणत त्यांनी हसून मान हलवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

पुढचं काही कादंबरीला नीट ऐकू आलं नाही. कुणी म्हणालं, हे माझ्या लाकूडतोड्या बापाचं. कुणी म्हणालं, गिरणीत सूत कातणाऱ्या आत्याचं. आणि तिला दिसत होते ते मांडीखाली दाबलेले हात. आपल्या बापाला आपली परवानगी मागावी लागली, आणि ती आपण दिली नाही. तिला स्वतःची किळस आली.

पाहुण्यांची पाळी आली तशी ती उठली.

"मी मघाशी खोटं बोलले," ती इंग्रजीत म्हणाली. "अकरा वर्षं बोलतेय. हे माझे वडील, ईश्वर. ते क्लार्क नाहीत, गोंधळी आहेत. हे त्यांच्याकडून आलं."

मग तिनं अण्णांच्या चालीत देवांना हाका मारायला सुरुवात केली. तुळजापूरची भवानी झाली, कोल्हापूरची अंबाबाई झाली, माहूरची रेणुका झाली आणि पुढे अडलं. हॉल थांबला. "जेजुरी," अण्णा खुर्चीतून म्हणाले, तिच्याकडे न बघता. तिनं खंडोबाला हाक मारली. आता दहा-बारा जणांचे पाय तिच्यासाठी वाजत होते.

ती खाली बसली. रुचानं आपली पर्स उचलून तिला जागा करून दिली, बस. जिच्यासाठी एवढं सगळं केलं तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्यानं कादंबरीला आणखीच मेल्यासारखं झालं.

ओदेतबाईंनी अण्णांचा फोटो काढला आणि कादंबरीच्या हातात कार्ड आणि पेन दिलं.

"काय लिहू, अण्णा?"

"ईश्वर गोंधळी, बार्शी," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, "इथं खरं सांगायचं असतं ना? मग खाली लिही, पोरीला यानं शिकवलं नाही. दाराबाहेर ठेवलं. तिनं चोरून ऐकलं."

पहिली ओळ तिनं लिहिली. दुसरीला हात चालेना. कार्डावर टपकन थेंब पडला.

अण्णांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"आण इकडं," ते म्हणाले. "क्लार्क आहे ना मी."