सीमेवरची खबर, व्हाया अणदूर

आमच्या चॅनेलवरची बातमी संध्याकाळपर्यंत शिळी होते आणि दुसऱ्या दिवशी ती कुणाला आठवतही नाही. तिच्या मागं जे घडतं ते मात्र साठत जातं. धाराशिवला झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, एकीत स्टुडिओ, दुसरीत संपादक, एवढाच आमचा मोबाईलवर दिसणारा चॅनेल. सीमेवर गडबड झाली त्या दिवसांत इतके किस्से जमले, की आजही चहाला बसलं की कुणीतरी एखादा काढतंच. इथं मीच सांगते, कारण आमचा कॅमेरामन बापू सांगायला लागला की प्रत्येक किस्स्यात त्याचंच काम वाढत जातं.

* * *

मी तोवर बाजारभाव वाचायचे. सोयाबीन, तूर, हरभरा. एका सकाळी संपादकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, माझ्या मागच्या पडद्यावरचं सोयाबीनचं पोतं काढलं, तिथं रणगाडा लावला आणि म्हणाले, "आजपासून तू युद्ध."

पण जिभेला लागलेली सवय अशी कशी जाणार! पहिल्याच बुलेटिनला मी वाचून गेले, "सीमेवर आज तणावात किंचित तेजी, गोळीबाराची आवक मध्यम, उद्या परिस्थिती स्थिर राहण्याची शक्यता."

सर डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात खाली कमेंट आली, "पहिल्यांदाच युद्धाची बातमी नीट समजली."

* * *

युद्ध म्हटलं की तज्ज्ञ पाहिजे. मोठ्या चॅनेलांकडं मोठमोठे निवृत्त अधिकारी, आम्हाला मिळाले अणदूरचे सुभेदार नाना. फौजेतून निवृत्त झालेले, आता शेळ्या आणि थोडी शेती बघणारे. त्यांचा मुलगा संतोषही फौजेत, तोही सीमेवर. गडबड सुरू झाल्यापासून त्याचा फोन नव्हता.

मी पहिलाच प्रश्न टाकला, "नाना, आता पुढं काय होईल?"

"मला काय म्हाईत?"

सर माझ्या कानातल्या यंत्रातून ओरडले, अंदाज विचार. मी विचारला.

"अंदाजानं बोलायची फौजेत सवय न्हाय, पोरी. ते तुमचं काम."

मग त्यांच्या हातात छडी देऊन त्यांना नकाशापुढं उभं केलं. आपली फौज कुठं कुठं असेल ते दाखवा म्हटलं. नानांनी नकाशा वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळला आणि छडी थेट अणदूरवर टेकवली.

"एक फौजी हितं हाय. बाकीच्यांचं म्या सांगनार न्हाय."

तरी नाना रोज एसटीनं यायचे. एकदा ब्रेकमध्ये मी विचारलं, "नाना, सांगायचं काहीच नाही तर एवढी यातायात कशाला करता?"

"तुमाला समद्यांच्या आधी कळतंय म्हनं," नाना म्हणाले. "पोराचं कायतरी कानावर पडंल म्हनून बसतो."

मला गलबलून आलं. आम्ही त्यांना बोलवत होतो ते त्यांना आतलं काहीतरी कळत असेल म्हणून, आणि ते येत होते ते आम्हाला कळत असेल म्हणून. दोन्ही पार्ट्या एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलेल्या, आणि वर कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहिलेलं.

* * *

सुट्टीवर आलेल्या जवानांना माघारी बोलावलं, तेव्हा सरांनी आम्हाला स्टेशनवर पिटाळलं. लोहाऱ्याकडचा एक जवान सापडला. बायको सोडायला आलेली, हातात डबा.

"कुठं निघालात?"

"ड्युटीवर."

"ड्युटी कुठं असते?"

"लांब."

"तिथं जाणार कसं?"

"ही काय, गाडी उभी हाय की."

बापू मागून खुणावत होता, बायकोला विचार. मी माईक तिकडं वळवला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा, कुठं असतात हे?"

"लगीन झाल्यापास्नं मला सांगितलं न्हाय, तुमास्नी काय सांगतेत? तुमाला कळलं तर मलाबी सांगा."

गाडी सुटली, लाइव्ह संपलं. एवढ्या खटाटोपातून महाराष्ट्राला एकच माहिती मिळाली, डब्यात मेथीचे धपाटे होते.

* * *

फौजेच्या हालचाली दाखवू नका, अशी सरकारची सूचना आली. आली होती सगळ्यांनाच, पण सरांनी ती छापून भिंतीवर चिकटवली. आपली कुणीतरी दखल घेतली म्हणून पेढेसुद्धा वाटले. मग सर जे दिसेल ते पुसट करत सुटले. एसटीची नंबरप्लेट पुसट, पाण्याची टाकी पुसट, अणदूरच्या खंडोबाच्या देवळाचं शिखर पुसट.

"शत्रूला अणदूर कळता कामा नये," सर म्हणाले.

त्याच झपाट्यात एका गावातला माजी सैनिकांचा सत्कारही पुसट झाला. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन आला. "म्या नवा फेटा बांधून आलतो, अन् तुमी माझं तोंड धुक्यात घातलं. मी काय सीमेवर चाललोय व्हय?"

"गुप्तता पाळावी लागते, साहेब."

"बरं. मग दिवाळीला तुमाला द्यायची जाहिरात बी गुप्तच ठिवतो."

त्या संध्याकाळी सरपंचांचा चेहरा आमच्या चॅनेलवर रणगाड्यापेक्षा मोठा दिसला.

* * *

आणि मग ती दुपार. लाइव्ह सुरू होतं, नाना माझ्या शेजारी बसले होते. तेवढ्यात दुसऱ्या एका चॅनेलनं पट्टी फिरवली, तुळजापूर तालुक्यातल्या जवानाला वीरमरण. नाव नाही, गाव नाही. बातमी नंतर खोटी निघाली, पण त्या घडीला हे कुणाला ठाऊक? अणदूर तुळजापूर तालुक्यातच येतं.

बापूनं मला मोबाईल दाखवला. दाखवताना तो नानांनाही दिसला. नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

सर कानात म्हणाले, "नानांना विचार, कसं वाटतंय."

मी हातातला कागद पालथा घातला.

"विचार की! सगळे बघतायत!"

मी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि नानांपुढं पाण्याचा ग्लास सरकवला. मला त्या क्षणी सरांचा आणि त्या रणगाड्याचा मनापासून राग आला होता.

आणि नानांचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

सर दारात येऊन हातवारे करायला लागले, स्पीकर लावा, स्पीकर! बापूनं कॅमेरा नानांच्या चेहऱ्यावर नेला. नानांनी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"हां, बोल."

बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले.

"जेवलास का?"

परत ऐकलं.

"बरं, बरं. आई चांगली हाय तुझी. ठेव आता."

फोन त्यांनी खिशात घातला. दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. सर माईक घेऊन सरळ फ्रेममध्ये घुसले.

"नाना, संतोष होता ना? कुठून बोलत होता? काय म्हणाला?"

नाना खुर्चीत ताठ बसले. कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "राँग नंबर."