दोन्ही हातांचा रामराम

शिवणाच्या डब्यात बटण शोधताना आज तो पितळी स्क्रू हाताला लागला, आणि इतक्या वर्षांनी माझं डोकं पुन्हा तापलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर आमच्या ह्यांनी जुनी फटफटी घेतली. तिची वेगाची मूठ सोडली की वेग उतरायचा. आम्हाला जायचं होतं ह्यांच्या आजोळी, सारंगखेड्याला; त्या वाटेवर तर पावलोपावली वडीलधारे भेटणार, आणि एका हाताने केलेला रामराम आमच्याकडे अपमान धरतात. म्हणून ह्यांनी मूठ जागच्या जागी धरून ठेवणारा हा स्क्रू बसवला. सबंध सकाळ तो आवळत, सैल करत बसले.

गावाच्या तोंडाशी ह्यांचे मामा दिसले. ह्यांनी स्क्रू आवळला आणि दोन्ही हात जोडले. फटफटी सरळ बाभळीच्या कुंपणात शिरली आणि तिथे अडकूनही बोंबलत राहिली. मागच्या सीटवरून मी धुळीत पडले होते. नाकात पेट्रोलचा वास, मनगट मोडलेलं.

मामा धावत आले. “भाचा, गाडीले काही व्हयनं नई ना?”

“नई मामा. स्क्रू जास्ती आवळाई गया.”

मनगट अजून वाकडंच आहे. किती नम्र माणूस होता, असं लोक आजही ह्यांच्याबद्दल म्हणतात. अख्ख्या गावाला जोडले जाणारे ते दोन्ही हात तेव्हा स्क्रू सोडवण्यात गुंतले होते. मी उठले ती माझ्याच एका हातावर.