अभ्रकाची सोनेरी पूड
कपाट आवरताना परवा बोटांना सोनेरी पूड लागली आणि कोथरूडच्या घरातली ती दुपार आठवली. आई हातकागदाची शुभेच्छापत्रं करायची. त्या वर्षीही दिवाळीच्या आधी ती खिडकीशी बसून पणतीच्या चित्रावर डिंक लावत होती आणि त्यावर मऊ कुंचल्यानं अभ्रकाची पूड पसरत होती. खोलीभर ओल्या डिंकाचा वास होता. एकदम ती वैतागून म्हणाली, "अगं, दुकानदारानं फसवलं. ही पूड मुळी चमकतच नाही." मी पाहिलं, तर उन्हात पणती लखलखत होती. तिनं कागद तिरका केला, डोळ्यांजवळ नेला. "रुपेरी डबी दे बघू," म्हणाली. तीही लावून पाहिली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "चमकतंय ना?" मी "हो" म्हटलं. तिनं सगळ्या डब्यांची झाकणं घट्ट लावली. पुढे कळलं, तिच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती आणि डॉक्टरांकडे त्यावर उपाय नव्हता. पुढच्या दिवाळीपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे पूर्ण अंधार झाला. आता रोज सकाळी मी तिच्या हातात चहाचा कप देते, तेव्हा ती आधी विचारते, "उजाडलं का गं?"